पहिला मेले, दुसरा केळगे

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडदळात होते, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते घोड्यांच्या पाठीवर बसले, मी गाड्यांच्या पोटाखाली झोपलो. याला घराण्याची प्रगती म्हणायचं की अधोगती, यावर घरात एकमत नाही. मला विचाराल तर घोडा लाथ मारतो आणि गाडी तोंडावर तेल गाळते, एवढाच फरक.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाई घरी आल्या, तेव्हा मी म्हटलं, "माझं मराठी ऐकलंय ना तुम्ही? अर्धं कन्नड असतं." त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहा, आम्ही नीट करून घेऊ." तेव्हा लेख शुद्ध वाटला तर श्रेय त्यांचं. माणसं जशी बोलली तशी मात्र ठेवा, एवढी एक अट मी घातली. कारण या लेखातली सगळी भानगडच बोलण्यातून झालेली आहे.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात माझं गॅरेज होतं. इंजिन, ब्रेक, क्लच, जे येईल ते काम करायचो. पण आज फक्त गियरच्या दांडीबद्दल सांगणार आहे. गाडीत बसलेल्या माणसाला दिसते ती दांडी अर्धीच असते. उरलेली अर्धी खाली, रेक्झिनच्या झग्याआड असते. मधे एक गोळा असतो, त्यावर दांडी डुलते. तुम्ही वरचं टोक पुढे ढकललंत की खालचं मागे जातं आणि गियर पडतो. बस, एवढंच. कंपनी ही दांडी पुष्कळ विचार करून बनवते. लोक ती अजिबात विचार न करता बदलतात.

त्याचंही एक वेड असतं. कोणाला दांडी आखूड हवी, म्हणजे हात जरासा हलला की खट्‌कन गियर पडावा. कोणाला वरचा नॉब स्टीलचा हवा, कोणाला काचेसारखा, आत विंचू असलेला. एक गिऱ्हाईक भर चौकातून चालत आलं, नॉब हातात घेऊन. आटे जुळत नसताना कोणीतरी चिकटवून बसवला होता, तो हातात आला. गाडी चौकात, दांडी गाडीत, नॉब हातात आणि माणूस माझ्या दारात. मला कन्नड पद्धतीच्या आदराने म्हणाला, "रावरे, एवढंच लावायचंय, बाकी सगळं ठीक आहे."

महादेव नावाचा एक टॅक्सीवाला होता. त्याने नॉब आणला तो चामुंडी देवीच्या तसबिरीचा. बसवून दिला मी, छान दिसत होता. थोड्याच दिवसांनी त्याची आई टॅक्सीत बसली आणि तिच्या लक्षात आलं, की पोरगा दिवसभर देवीला डावा हात लावतो. आपल्याकडे गियर डाव्या हाताला, त्याला कोण काय करणार? पण आईपुढे हे कसं चालावं? तेव्हापासून महादेव डाव्या हाताने स्टिअरिंग धरायचा आणि उजवा हात छातीवरून आडवा नेऊन गियर टाकायचा. मागे बसलेले प्रवासी न सांगता देवीचं नाव घ्यायला लागले. शेवटी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, गियर उजवीकडे करता येईल का? मी म्हटलं, येईल, पण मग त्या दांडीखेरीज सगळी गाडी बदलावी लागेल. देवीला डॅशबोर्डवर बसवली, दांडीला साधा नॉब लावला, आणि त्याच्या आईने मला प्रसाद पाठवला. महादेव मात्र सवयीने पुढे किती तरी दिवस आडवाच हात घालत होता.

ही झाली गंमत. पण एकदा या दांडीपायी एका बाईंची गाडी विकली जायची वेळ आली, आणि गाडीबरोबर बरंच काही जाणार होतं. ते सांगायचं म्हणून तर हा लेख.

चंद्राक्का शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्या, यजमान आधीच वारले होते, मुलगी सुमा लग्न होऊन म्हैसुरातच. अंगाने बुटक्या, आवाजाने नव्हेत. त्यांची छोटी गाडी पहिल्यापासून माझ्याकडे. त्या गाडीला एकच ठरलेलं काम होतं. दर शनिवारी सरगूरला जायचं.

सरगूरला त्यांची थोरली बहीण ताराक्का एकटी राहायची. डोळ्यांनी दिसत नव्हतं. शेजारी दोन वेळा जेवण देत होते, पण केस धुवायला ताराक्का बहिणीखेरीज कोणाला डोक्याला हात लावू द्यायची नाही. चंद्राक्का दर शनिवारी जाऊन तिला न्हाऊ घालायच्या, नखं कापायच्या, आठवड्याचं गाऱ्हाणं ऐकून परत यायच्या. बंगळूरचा एक पुतण्या ताराक्काला वृद्धांच्या कुठल्या तरी संस्थेत ठेवायला तयारच बसला होता. चंद्राक्का त्याला दर वेळी सांगायच्या, "मी जाते आहे तोवर तिला हलवायचं नाही." सगळा मामला त्या 'जाते आहे'वर उभा होता.

तर दिवाळीच्या आधी चंद्राक्का गॅरेजमध्ये आल्या. हातात चकल्यांचा डबा. खुर्चीवर बसल्या आणि डावा हात माझ्या टेबलावर असा ठेवला, जसं लोक मोडलेला पार्ट आणून ठेवतात.

"राव, गाडीला गिऱ्हाईक बघा. विकायची आहे."

"का, अक्का? काय झालं?"

"हात गेला माझा. गियर पडत नाही. दुसरा टाकायला गेले तर खांद्यापर्यंत कळ येते. आणि थरथरतोय. दोन शनिवार सरगूरला गेले नाही. आयतु, वय झालं. सुम्ने कशाला कोणाला तरी उडवायचं?"

'सुम्ने' म्हणजे उगाच, आणि 'आयतु' म्हणजे झालं, संपलं. एरवी आम्ही तो शब्द चहा पिऊन झाल्यावर वापरतो. त्यांच्या तोंडून त्या दिवशी तो ऐकवला नाही. मी बाहेर जाऊन गाडीत बसलो.

बसल्याबरोबर दिसलं, दांडी बदललेली आहे. आखूड केलेली, वर स्टीलचा चकचकीत नॉब, त्यावर गियरचा नकाशा कोरलेला. सुरू करून दुसरा टाकायला गेलो तर माझाच खांदा बोलला. आता हे जरा समजून घ्या. पहारेने धोंडा हलवायचा तर आपण पहार लांब टोकाला धरतो. तीच मध्यावर धरली तर हात थोडासाच हलतो, पण कंबर जाते. आखूड दांडीचं तेच आहे. कौतुक करतात की हात कमी हलवावा लागतो. जोर किती लागतो ते कोणी सांगत नाही. वीस-बावीसच्या पोराला ते कळतही नाही. शिवाय खालचे रबराचे बुश, म्हणजे दांडीच्या बुडाशी बसणाऱ्या कड्या, काढून धातूचे घातले होते. रबर इंजिनाची थरथर पिऊन टाकतं, धातू ती जशीच्या तशी वर पाठवतो.

मी चंद्राक्कांना चालकाच्या जागेवर बसवलं, इंजिन सुरू ठेवलं आणि म्हटलं, "नॉबवर हात ठेवा."

"बघा, थरथरतोय अल्वा? हो ना?"

"आता हात काढा."

त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. दांडी आपली एकटीच थरथरत होती. चंद्राक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मग हाताकडे बघितलं. हात स्वस्थ होता.

मी डब्यातली चकली तोंडात टाकली. "ह्या कोणी केल्या?"

"मीच. आणखी कोण करणार?"

"साचा कोणी दाबला?"

"अय्यो, मीच की! पीठ घट्ट झालं होतं तर…" इथे त्या थांबल्या.

चकलीचा साचा ज्यांनी कधी दाबला असेल त्यांना पुढचं सांगायला नको. घट्ट पिठाचा साचा दाबणं हे काम मी स्वतः टाळतो. मी म्हटलं, "हात शाबूत आहे, अक्का. दांडी बिघडली आहे. काढून जुनी बसवतो. कोणी बसवली ही?"

त्यांचा चेहरा आनंदाने उजळला आणि लगेच विझला. म्हणाल्या, "निखिलरावांनी. जावयांनी. आयुधपूजेला भेट म्हणून. मग तर अवघडच झालं."

निखिलराव सुमाचे यजमान, नाशिककडचे. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात माल पाठवायचं खातं सांभाळतात. मोटरसायकल चालवतात, कार चालवता येत नव्हती. माणूस अतिशय सज्जन. त्यांनी सासूबाईंना न सांगता गाडी एका दुकानात नेववून हे सगळं बसवून घेतलं होतं. आपल्या खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, गाडी दारात आणवली. हार घातला, नॉबला कुंकू लावलं, कोहळा फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. आता अशी पूजा झालेली जावयाची भेट सासूने कशी काढावी?

"नको, बेडा," चंद्राक्का म्हणाल्या. "हात गेला असंच सांगते. हात माझा आहे. दांडी त्यांची आहे."

"म्हणजे गाडी विकायची? आणि ताराक्का?"

त्यांनी इंजिन बंद केलं. डोळ्यांत पाणी आलं तेवढं पदराने पुसलं. मला खरोखर राग आला. तोही कोणावर काढावा कळेना. दांडी काढली तर जावयाचा अपमान, ठेवली तर एक आंधळी बाई घर सोडून परगावी जाणार. गाडी ठेवून जा, बघू, एवढंच म्हणून मी त्यांना रिक्षात बसवलं. जाता जाता त्यांनी बजावलं, "निखिलरावांना यातलं एक अक्षर कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी निखिलरावच आले. कामावरून परस्पर, कारखान्याच्या कपड्यांत. गाडीकडे काळजीने बघत म्हणाले, "काका, आई गाडी विकतायत म्हणे. मला खरं सांगा. या गाडीत अजून काय काय मेलंय?"

"काय मेलंय म्हणजे?"

"गियर गेले होते ते माहीत आहे मला. म्हणून तर दुकानात 'गियर नवीन घाला' असं सांगून मी ते बसवून घेतलं. पण आईंनी सांगितलं नाही असं आणखी काही आहे का?"

"गियर गेले होते असं तुम्हांला कोणी सांगितलं?"

"आईंनीच. म्हणजे मला नाही, सुमाला. अंगणात त्या तिला गाडी शिकवत होत्या. मी आत पेपर वाचत होतो. स्वच्छ ऐकलं. पहिला मेले, तिसरा मेले, पाचवा मेले. अहो, पाचातले तीन मेले! त्या गाडीतून आई दर शनिवारी एकट्या एवढ्या लांब जातात."

मी हातातला पाना खाली ठेवला. म्हैसूरचे वाचक इथे हसले असतील. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो. कन्नडमध्ये मेले म्हणजे वर आणि केळगे म्हणजे खाली. आमच्या घरांतून मराठी बोलताना हे शब्द असे मिसळून गेलेत, की ते कन्नड आहेत हेही आम्ही विसरलो. डबा मेले ठेव, चप्पल केळगे सोड. चंद्राक्का मुलीला शिकवत होत्या ते इतकंच, की पहिला गियर वर, दुसरा खाली, तिसरा वर.

"निखिलराव," मी म्हटलं, "मेले म्हणजे वर."

त्यांनी आकाशाकडे पाहिलं. "तेच म्हणतोय मी."

मला मग नॉबवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवावं लागलं. मेले. केळगे. मेले. केळगे. ते बोटामागून बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "पहिला मेला असं हवं होतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण इथल्या व्याकरणाबद्दल काही बोलायचं नाही, असं मी लग्नातच ठरवलं होतं."

"आणि केळगे? त्याचं काय वाटलं तुम्हांला?"

"मला वाटलं, अर्धमेलं. म्हणजे पूर्ण मेलेलं नाही, पण त्याच वाटेला लागलेलं."

आता हसावं की काय करावं? माणूस सासूच्या जिवाच्या काळजीने हे करून बसला होता. त्याने विचारलं नाही, कारण सासूबाईंची परिस्थिती त्यांच्या तोंडून वदवायची नाही म्हणून. सासूबाई बोलल्या नाहीत, कारण जावयाच्या भेटीला नाव ठेवायचं नाही म्हणून. दोघेही एकमेकांना इतकं जपत होते की मधल्या मधे ताराक्काचं घर सुटत होतं. मी निखिलरावांना ताराक्काचं सगळं सांगितलं, हात गेल्याचंही सांगितलं. चंद्राक्कांनी बजावलेलं मोडलं, त्याचं मला अजून काही वाटत नाही.

ते एका जुन्या टायरवर बसले. मग म्हणाले, "काढून टाका, काका. आत्ता काढा. फक्त मी असा गैरसमज करून घेतला, हे आईंना कळू देऊ नका."

मूळची दांडी डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली मिळाली. दुकानवाल्याने एवढा प्रामाणिकपणा केला होता. ती बसवली, रबराचे बुश नवीन घातले. राहता राहिला नॉब. निखिलराव म्हणाले तोही काढा. मी म्हटलं, नॉब राहू दे. भेट डोळ्यांना दिसली पाहिजे, नाहीतर चंद्राक्का गाडीत बसणार नाहीत. पण नॉबचे आटे जाड आणि जुन्या दांडीचे बारीक. मधे एक बुश हवा होता, आतून एक आटे आणि बाहेरून दुसरे. मी जुगाड करायच्या विचारात होतो. निखिलरावांनी दोन्हीचं माप नेलं आणि कारखान्यातल्या लेथवाल्याकडून असा बुश करून आणला की मी तो बसवायच्या आधी दोन वेळा फिरवून बघितला. तेवढं सफाईदार काम माझ्याच्याने झालं नसतं.

चंद्राक्का आल्या. आधी नॉब बघितला, जागेवर आहे म्हणून निःश्वास टाकला. मग मोहल्ल्यात एक फेरी मारून आल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "काय केलंत हो?"

"आतलं स्वल्प सैल केलं. भेट तीच आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुलांचे गृहपाठ जन्मभर तपासलेल्या बाई. पण पुढे काही विचारलं नाही. स्टीलचा नॉब उन्हात तापतो अशी तक्रार तेवढी केली, आणि शनिवारपर्यंत त्याला क्रोशाचं टोपडं विणून घातलं.

त्या शनिवारी निखिलराव म्हणाले, मीही येतो, आणि मला म्हणाले, तुम्हीही चला, वाटेत काही झालं तर. काही होणार नव्हतं. पण मी गेलो. निखिलराव पुढे, मी मागे. चंद्राक्कांना गियर टाकताना पुटपुटायची सवय आहे. मेले, केळगे, मेले. निखिलराव टोपड्याकडे बघत बसले होते. मला आरशात त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

ताराक्काचं घर चढावर आहे. चढ लागला की गाडी दुसऱ्यावरून पहिल्यावर आणावी लागते. त्या आवाजावरून बहीण आली हे ताराक्काला घरात बसून कळायचं. आम्ही पोचलो तर ती आधीच ओट्यावर येऊन उभी होती, दाराची चौकट धरून. केसांच्या पार जटा झालेल्या. शेजारणीने दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा तिला हाकलून दिलं होतं.

"कुठे मेली होतीस ग दोन शनिवार?" ताराक्का ओरडली.

निखिलराव माझ्या कानाशी आले. "काका, हे कुठलं? कन्नड की आपलं?"

"आपलं," मी म्हटलं.

चंद्राक्का बहिणीला म्हणाल्या, "हात दुखत होता." ताराक्काने हात पुढे करून तो डावा हात शोधला, चाचपला आणि सोडून दिला. मग दोघी मागच्या अंगणात गेल्या. पाणी तापलं, शिकेकाईचा वास आला. मी आणि निखिलराव ओट्यावर चकल्या खात बसलो. आमच्या दोघांकडे एकाच दांडीची दोन गुपितं होती, एक चंद्राक्कांचं आणि एक निखिलरावांचं, आणि बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

थोड्या वेळाने मागून ताराक्काचा आवाज आला. "सावकाश ग, चंद्रा! मान मोडशील माझी. केवढा तो हाताला जोर!"

तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि मग ताराक्का पुन्हा ओरडली.